फायलिंग

आमच्या शेजारचा पोरगा आयटीआयमधून फिटर झाला. दोन वर्षांचा कोर्स. त्यातले सुरुवातीचे कित्येक आठवडे त्याने लोखंडाची एकच पट्टी घासली. व्हाइसमध्ये आवळायची, कानस चालवायची, गुण्या लावून उजेडाकडे धरायची. फटीतून उजेड दिसला की सर म्हणणार, "घास अजून." या घासण्याला वर्कशॉपमध्ये फायलिंग म्हणतात. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरचा फरक वाचणारं हे पोर पुढे वर्षभर घरी बसलं.

मग २०२४ साल उजाडलं. विधानसभा तोंडावर आली. बहीण लाडकी झाली, मग भावानेच काय घोडं मारलं होतं? निघाली 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना'. बारावीवाल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआयवाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. मुदत सहा महिने.

आमच्या फिटरची रवानगी एका सरकारी कचेरीत झाली. पहिल्याच दिवशी भाऊसाहेबांनी विचारलं, "काय येतं रे तुला?"

"फायलिंग, साहेब."

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. इतका योग्य उमेदवार शासनाने आजवर पाठवलाच नव्हता. "वा! मग तो गठ्ठा घे आणि सालवार लाव."

प्रशिक्षण जोरात झालं म्हणायचं. झेरॉक्स मशीनमध्ये अडकलेला कागद न फाडता काढणं, बिनसाखरेचा चहा कोणाचा ते ध्यानात ठेवणं, "साहेब मीटिंगला गेलेत" हे वाक्य चेहरा न हलवता बोलणं. (हे शेवटचं सर्वांत अवघड, असं तो म्हणतो.)

मात्र एकदा त्याच्यातला फिटर जागा झाला. रेकॉर्ड रूममधल्या कपाटाचं दार निखळून लोंबत होतं. त्याने घरून कानस आणली, बिजागरीची खाच घासली, नवी पिन बसवली. वीस मिनिटांत दार लागलं. भाऊसाहेब कपाळाला हात लावून बसले. "अरे, दुरुस्तीचा प्रस्ताव वर गेलाय! आता तपासणीला कोणी आलं तर दाखवू काय?" पिन पुन्हा काढण्यात आली.

सहा महिने सरले. आता आम्हाला कायम करा म्हणून राज्यभरातले प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. २०२५ मध्ये सरकारने पाच महिने वाढवून दिले, एकूण अकरा. हा आकडा कुठून आला, हे भाड्याच्या घरात राहिलेल्याला सांगायला नको. करारनामा अकरा महिन्यांचा असला की घरमालक निवांत झोपतो.

अकरा महिने भरले. प्रमाणपत्र मिळालं, त्यावर कानशीचा उल्लेख नाही आणि चहाचाही नाही. पोरगा परत घरी आहे. वाचकांपैकी कोणाच्या कारखान्यात फिटरची जागा असेल तर जरूर कळवा. दोन्ही प्रकारचं फायलिंग येतं.