पाच मिळाले की नापास

ग्योटिंगेन, ऑक्टोबर

ती. अप्पा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. आई, आधी पेढ्यांचं सांगते, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. वाडीचे पेढे जर्मनीत आले नाहीत. युरोपात बाहेरून दूधदुभतं आणायला बंदी आहे, हे मी सामान भरतानाच सांगितलं होतं. तू म्हणालीस, "प्रसाद आहे म्हणून सांग." इथल्या कस्टमवाल्याला दत्तमहाराज कोण हे समजावण्यापेक्षा आम्ही मुंबईच्या विमानतळावर बसून अख्खा डबा संपवला. तुझ्या जावयाने विमानातलं जेवण नाकारलं, वर हवाईसुंदरीला उपवास आहे म्हणून सांगितलं. तुपाची बरणी टॅक्सीवाल्याला दिली. भडंग, मेतकूट, हळद मात्र २३ किलोंत बसवून आणलंय. चिरंजीवांचे बूट तिकडेच राहिलेत, ते पुढच्या वर्षी त्याला होणार नाहीत, कुणाला तरी देऊन टाक.

अप्पा, आता तुमच्याशी भांडण. ज्येष्ठ नागरिक संघात तुम्ही सांगितलंत, "मुलगी गाऊसच्या विद्यापीठात गणित शिकवते." इथवर ठीक. पण पुढे, "इतकी कडक आहे की पहिल्या आलेल्या पोरालाही एकच मार्क देते!" अहो, इथे १ म्हणजे सर्वांत वरची श्रेणी आणि ५ म्हणजे नापास. तुमच्या त्या भाषणानंतर कोपऱ्यावरच्या काकू दहावीतल्या नातवाला भूमिती विचारायला घेऊन आल्या खऱ्या, पण पोरगं चप्पल काढायलाच तयार होईना.

दिवाणखान्यातल्या फोटोचंही तेच. इथे डॉक्टरेट मिळाली की नगरभवनासमोरच्या कारंज्यावर चढून, हंस घेतलेल्या मुलीच्या पुतळ्याचा मुका घ्यायची रीत आहे. मूळ पुतळा १९०१ सालचा, रीतही जुनीच. मी तशी चढलेले असताना काढलेला तो फोटो तुम्ही पाहुण्यांना "सरस्वतीपूजन, जर्मनी" म्हणून दाखवता. हंस आहेत हे कबूल, पण अप्पा, वीणा कुठाय?

पुरणाच्या दिवशी जे झालं त्याला मात्र तुम्ही जबाबदार नाही. तास संपला की इथली पोरं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांनी टकटक करतात. आम्ही दोघंही रोज हेच ऐकतो. जेवण आवडलं म्हणून ह्याने सवयीने टेबलावर टकटक केली, आत्याला वाटलं जावई वाढायची वाट बघतायत. दोन पोळ्या पडल्या. आभार मानायला ह्याने परत टकटक केली. पाचव्या पोळीला मी त्याचा हात धरला.

आणि सत्यनारायणाला गुरुजी यायला उशीर झाला, तेव्हा "जर्मनीत चालेल का असं?" म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर मला विचारलंत. मी गप्प बसले, कारण आमच्या विद्यापीठात दहाचं व्याख्यान सव्वादहालाच सुरू होतं आणि त्याला परंपरा म्हणतात. गुरुजींना हे कळलं असतं तर दक्षिणा वाढली असती.

आता एक कामाचं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमची घड्याळं तासभर मागे जातील. तुमचे सकाळचे साडेसात म्हणजे आमचे पहाटेचे तीन. तेव्हा सूर्यनमस्कार झाल्याझाल्या फोन करू नका. आधी पेपर वाचा, नाश्ता करा, मग काकूंकडे जाऊन तो एका मार्काचा घोळ निस्तरा, आणि तरीही वेळ उरला तर आईला भाजी निवडू लागा.

तुमची,
ताई