‘छोटंसंच काम आहे’ म्हणणाऱ्या चेअरमनसाहेबांस

प्रति,
मा. चेअरमनसाहेब,
आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे समस्त कलासमीक्षक

विषय : पार्किंगशेजारच्या भिंतीवरचं ‘छोटंसंच’ चित्र.
संदर्भ : आपला रात्री ११.४० चा ‘कधी येताय?’ हा संदेश.

स. न. वि. वि.

साहेब, ‘छोटंसंच काम आहे, एका रविवारी होऊन जाईल,’ असं आपण फोनवर म्हणालात तेव्हा मला वाटलं, लिफ्टशेजारची जागा असेल. भिंत निघाली ४० फूट लांब आणि १२ फूट उंच. म्हणजे ४८० चौरस फूट. आपल्याकडचा वन बीएचके याहून फार मोठा नसावा, आणि तो विकताना कुणी त्याला ‘छोटासाच’ म्हणत नाही.

गेटवर वॉचमनकाकांनी वहीत माझ्या नावापुढे ‘रंगारी’ असं लिहिलं. वाईट वाटलं नाही, उलट रंगाऱ्याचा हेवाच वाटला. तो चौरस फुटाचा दर सांगतो, आपण दोन रुपये कमी करायला लावता, विषय संपतो. ‘हा पिवळा जरा आनंदी करा’ असं त्याला कुणी सांगत नाही.

दर माझाही चौरस फुटावरच असतो. त्यावर आपल्या खजिनदारांनी मांडलेला हिशेब मी जपून ठेवला आहे. चित्राच्या वरच्या निम्म्या भागात नुसतं आकाश आहे, तिथे ‘काम’ काहीच नाही, तेव्हा तेवढ्याला रंगाऱ्याचा दर लावावा आणि जिथे माणसं, झाडं, पक्षी असतील तिथे माझा. मी रात्रभर विचार केला आणि आकाशात पक्षी वाढवले.

आता भिंतीविषयी. आपण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बोलावलंत आणि १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला उद्घाटन हवं म्हणालात. मी पुढे होऊन भिंतीवर तळहात टेकवला. कलावंत भिंतीशी बोलतोय असं आपल्याला वाटलं असावं, कारण आपण लगेच फोटो काढलात. मी फक्त ओल पाहत होतो. खाली गुडघाभर उंचीपर्यंत लोणा फुटलेला, वर पोपडे सुटलेले. ओल वरची आहे की पोटातली, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, तर पाणी भिंतीतून येतंय.

दुसऱ्या दिवशी तुकडाच नव्हता. स्वच्छता समितीने तो काढला होता, आणि ‘आर्टिस्टने पहिल्याच दिवशी कचरा केला’ या मथळ्याखाली त्याचा फोटो ग्रुपवर पडला होता. दुसरा तुकडा लावताना मी त्यावर मार्करने ‘चित्र’ असं लिहिलं. तो कुणी काढला नाही. ग्रुपवर दोन अंगठे आणि एक ‘छान’ मात्र आला.

थेंबही आले. कारण भिंतीमागे आपल्या बागेची माती थेट टेकलेली आहे आणि त्या मातीत एक नळ बारा महिने गळतो आहे. तो आधी बंद करायचा, माती मागे ओढायची, सुटलेलं प्लॅस्टर खरवडून नवं करायचं. नव्या प्लॅस्टरला महिनाभर तरी हात लावायचा नाही, नाहीतर सिमेंटमधले क्षार रंग खाऊन टाकतात. मग पुट्टी, घासकाम, प्रायमर, आणि मग चित्र. आपण विचारलंत, ‘एवढं कशाला? वरून जाड रंग मारला की झाकेल ना?’ झाकेल, साहेब. पुढच्या आषाढापर्यंत झाकेल. त्यानंतर माझे पक्षी पोपड्यांसकट खरोखरच उडतील.

अजिंठ्याच्या चित्रकारांनीही आधी खडकावर मातीचा लेप दिला, त्यात वनस्पतींचे तंतू मिसळले, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि पृष्ठभाग वाळल्यावर रंग लावले. सोळाव्या लेण्यात ते लेणं करवून घेणाऱ्या वराहदेवाचा, म्हणजे वाकाटकांच्या मंत्र्याचा, शिलालेख आहे. चित्रकारांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. एवढी परंपरा आपण चोख पाळता आहात. उद्घाटनाच्या फलकाचा मजकूर मला तपासायला पाठवलात, त्यात कार्यकारिणीची अकरा नावं आहेत. माझं काम शुद्धलेखनाचं.

कच्च्या रेखाटनांचं म्हणाल, तर मी तीन दिली. समितीने तिन्ही मंजूर केली, एकत्र. त्यात कुणी म्हणालं, ‘वारली टाका हो, त्याला काय लागतं, नुसते त्रिकोण.’ वारल्यांच्या घरात लग्नात कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते. आपल्या पार्किंगमध्ये कुणाचं लग्न ठरलं असेल तर कळवावं. सेक्रेटरींना तळाशी देवांच्या टाइल्स हव्या आहेत, म्हणजे कुणी थुंकणार नाही. मला ही सूचना सर्वांत प्रामाणिक वाटली. या भिंतीकडून आपल्याला नेमकं काय हवंय, ते एकट्या सेक्रेटरींनी सांगितलं.

आणि मग आपला निरोप आला, ‘कोपऱ्यात बिल्डरसाहेबांचा चेहरा येईल का? सहज, माळ्यासारखा.’ चेहऱ्यांपासून मी जपून असतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये १९३३ साली दिएगो रिव्हेराने मंजूर रेखाटनात नसलेला लेनिनचा चेहरा भिंतीवर उतरवला. मालकांनी काढायला सांगितला, हा हटला नाही. त्यांनी ठरलेले सगळे पैसे चुकते केले, काम थांबवलं, चित्र झाकलं आणि १९३४ च्या फेब्रुवारीत फोडून टाकलं. आमच्या धंद्यात ही गोष्ट चित्रकाराच्या बाजूने सांगायची पद्धत आहे. माझ्या मते चूक दोघांचीही होती. रेखाटनावर सही झाली की नवा चेहरा चित्रकाराने घुसवायचा नाही आणि मालकानेही नाही. म्हणून माझ्या करारात दोन फेऱ्यांचे बदल फुकट आहेत, तेही सहीच्या आधी, आणि बदल सांगणारा माणूस एकच असेल. तो कोण, हे समितीने ठरवावं. त्यासाठी निवडणूक घ्यावी लागली तरी मी थांबेन.

पैशांचं थोडक्यात सांगतो. ४० टक्के रेखाटनाच्या सहीबरोबर, ४० परांची उभी राहिल्यावर, २० काम संपल्यावर. परांची, पाणी आणि दिव्याची सोय आपली. चेकवर सही करणाऱ्या दोघांपैकी एकजण मुलाकडे ह्यूस्टनला असतात हे मला ठाऊक आहे. ते परत येईपर्यंत पहिले ४० टक्के आले नाहीत, तर तारीखही तितकीच पुढे जाईल.

शेवटचा मुद्दा आपण जाता जाता बोललात : पुढच्या वर्षी त्याच भिंतीवर गाड्यांच्या चार्जिंगचे बॉक्स बसवायचे आहेत, ‘तेव्हा मधला भाग जरा साधा ठेवा.’ दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं भलंमोठं कांस्य भित्तिशिल्प होतं, सरकारनेच करवून घेतलेलं. १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकलं, त्यात त्याची मोडतोड झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल दिला, की उरलेले भाग शिल्पकाराला परत करा आणि वर ५ लाख भरपाई द्या. आधार होता १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम. काम विकलं तरी त्यावरचं कर्त्याचं नाव आणि त्याची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क विकला जात नाही, असं ते सांगतं. काढण्यापासून निकालापर्यंत सव्वीस वर्षं गेली. माझी तेवढी उमेद नाही, म्हणून करारात साधं कलम घातलं आहे : भिंतीला ड्रिल लावण्याआधी मला तीस दिवस कळवावं. शक्यतो रात्री ११.४० ला नको.

झेंडावंदनाला चित्र होणार नाही. नळ या आठवड्यात दुरुस्त झाला आणि पाऊस वेळेत उघडला, तर दिवाळीनंतर परांची बांधू, पुढे तीन आठवडे काम चालेल.

कळावे,
आपला,
(गेटवरच्या वहीतला) रंगारी

सोबत : कोटेशन १, रेखाटन १, करारपत्र २ प्रती. सही प्रत्येक पानावर करायची आहे, फक्त शेवटच्या नाही.

ता. क. प्लॅस्टिकचा तुकडा अजून भिंतीवरच आहे. आता काढला तरी चालेल.