मामांसाठी इंग्रजी क्रियापदे : अधिकृत नियमावली

सदर नियमावली बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण व आळंद येथील समस्त मराठीजनांस लागू राहील. आमच्या मामांस विशेष लागू राहील.

नियम १. 'टेल'ला ऐकणारा लगेच पुढ्यात लागतो : टेल मी, टेल हिम. 'से'ला तो थेट चालत नाही, मध्ये 'टू' घालावा. पुढ्यात कुणी नसतानाही मामांचं जे चालू असतं, ते 'टॉक'.

नियम २. 'सी', 'लुक', 'वॉच'. हा नियम बीदरला महमूद गवानच्या मदरशासमोर उभं राहून शिकावा. १४७२ सालची ती इमारत जाता-येता आपोआप दिसते, ते 'सी'. थांबून, मान वर करून मनोऱ्यावर उरलेल्या रंगीत टाइल्स न्याहाळल्या की 'लुक'; पुढे 'अ‍ॅट' विसरू नये. आणि तिथल्या पारव्यांचे उद्योग बघत बसलात, तर 'वॉच'. मामांना तिन्हींना मिळून 'सी' पुरतो, तोही 'सीइंग'. आपण 'बघायलाव' म्हणतो ना, मग! शेजारच्या म्हातारीच्या आजारपणात मामांनी तिचं सगळं केलं. बेंगळूरच्या सूनबाईंना मराठी येत नाही, म्हणून फोनवर धीर दिला : "आय अ‍ॅम सीइंग युवर मदर-इन-लॉ." 'लुकिंग आफ्टर' म्हणायचं होतं. 'सीइंग' म्हणजे प्रेमप्रकरण.

हसा, पण बेताने. १ नोव्हेंबर १९५६ला बीदर हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. मामांच्या वडिलांचे अर्ज उर्दूत, मामांचे कन्नडात, बाजारहाट दखनीत, भांडण मराठीत. इंग्रजीची पाळी येईतो जीभ दमणारच. माझ्या कॉलेजचे इंग्रजी फॉर्म मात्र मामांनीच भरले होते, आणि एकही परत आला नाही.

नियम ३. वस्तू घराबाहेर गेली की 'लेंड', घरात आली की 'बॉरो'. आपण दोन्हीकडे 'उसनं' म्हणतो आणि दिशा 'देणं-घेणं'वर सोडतो. घोळ तिथेच होतो. माझी शिडी मामांनी दिवाळीच्या रंगकामाला 'बॉरो' केली. पुढे ती त्यांनी परस्पर कुणाला तरी 'लेंड' केली. व्याकरण बिनचूक. शिडी हुमनाबादेत.

नियम ४. स्वतःला आठवतं ते 'रिमेंबर', दुसऱ्याला आठवण करून देणं ते 'रिमाइंड'. पहिलं मामांकडून होणे नाही. दुसरं मी मामींकडे सोपवलंय.