गाल लालबुंद करण्याचे प्राथमिक धडे

प्रवेशाला कसलीही पात्रता लागत नाही. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, तुळशीची लग्नं लागली आणि कसारा घाटातून कोरडं वारं खाली उतरायला लागलं की शहापूर-मुरबाड भागात आमचे वर्ग सुरू होतात. ज्यांचे गाल दर थंडीत फुटतात, तोंड धुतल्यावर चुणचुणतं, चुलीपुढून उठल्यावर तासभर नाक-गाल धगधगत राहतात, त्यांना थेट वरच्या वर्गात बसता येईल. अशांपैकी काहींना रोझेशिया नावाचा आजार असतो. चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या जरा निमित्त मिळालं की फुलतात, आणि वर्षानुवर्षं असं चालत राहिलं की काही तशाच फुललेल्या राहतात. मग नाकाच्या कडेला लाल धागे दिसू लागतात, गालावर पुळ्या येतात.

हा युरोपातल्या गोऱ्या लोकांचा आजार म्हणून प्रसिद्ध आहे. अमेरिकेतला बडा सावकार जे. पी. मॉर्गन ह्याचं नाक ह्याच आजारानं एवढं फुगलं होतं की तो आपले फोटो दुरुस्त करून घ्यायचा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, आणि नवशिक्याला ही मोठीच सोय आहे. आग होतेय म्हणून सांगावं, तर घरातले आरशात बघून म्हणतात, "काय पण नाही. नाटकं करतेस." शंका आलीच तर पारदर्शक काचेचा ग्लास गालावर हलके दाबून बघतात: दाबल्यावर रंग फिका पडला आणि सोडल्यावर परत भरून आला, तर तिथल्या रक्तवाहिन्या फुललेल्या असतात. पण इतकं बघत बसलं तर अभ्यासक्रम पुरा व्हायचा नाही.

धडा पहिला : ऊन

इथली थंडी फसवी असते, तिचा फायदा घ्या. पहाटे पारा पंधराच्या खाली जातो आणि दुपारी तीसच्या वर चढतो. सकाळी कानटोपी घालून निघालेला माणूस अकरा वाजता ती काढून पिशवीत टाकतो आणि उघड्या डोक्यानं संध्याकाळपर्यंत हिंडतो, कारण "थंडीचं ऊन लागत नाही". लागतं. रोझेशिया चाळवणाऱ्या गोष्टींत उन्हाचा नंबर अगदी वरचा आहे, आणि त्याला महिना कोणता हे कळत नाही.

भेंडीवाल्यांना इथे जादा गुण. भात निघाल्यावर ह्या दोन्ही तालुक्यांत शेतंच्या शेतं भेंडीची उभी राहतात. तोडणी पहाटे सुरू होते आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत चालते. भेंडीच्या बारीक काट्यांनी बोटं खाजतात, म्हणून जाणत्या बाया हाताला फडकं गुंडाळतात किंवा जुने मोजे चढवतात. नवशिक्यानं उघड्या हातानं तोडावी आणि घाम आला की त्याच हातानं तोंड पुसावं. एका फटक्यात दोन विषय पास.

धडा दुसरा : पाणी

शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो, तो वेगळा विषय. जे पाणी वाट्याला आलं ते बंबात किंवा चुलीवरच्या हंड्यात पार कढत करावं. अंगावर घेताना "हाऽऽ" असा आवाज निघाला पाहिजे. तेच पाणी तोंडावर मारावं, वर अंगाचा साबण दोनदा लावावा, आणि खरखरीत पंचानं असं पुसावं की मळाबरोबर कातडीही यावी. कातडीत मुळात थोडं तेल असतं, ते आतलं पाणी धरून ठेवतं. कढत पाणी आणि साबण ते तेल धुऊन नेतात, बाहेरची कोरडी हवा उरलेलं काम करते. न्हाणीतून बाहेर आल्यावर गाल ओढल्यासारखे वाटले तर धडा उत्तम जमला.

धडा तिसरा : शेकोटी

पेंढा, पालापाचोळा, फाटकी चप्पल, जे मिळेल ते पेटवा आणि तोंड पुढे करून बसा. पाठ गारठलेली, तोंड भाजतंय, ही आदर्श अवस्था. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाची नडगी उजेडात बघा. वर्षानुवर्षं शेकून तिच्यावर तपकिरी जाळी उठलेली असते, मासे धरायच्या जाळ्याचा ठसा उमटल्यासारखी. डॉक्टरांच्या पुस्तकात तिला स्वतंत्र नाव आहे. नडगी सोसते, म्हणून जाळी यायला वर्षं लागतात. चेहरा लवकर दाद देतो.

वीटभट्टीवर थंडीभर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांना मात्र ह्या धड्यातून सूट आहे. त्यांच्यापुढची धग त्यांनी हौसेनं पेटवलेली नसते, आणि त्यांची थट्टा करण्याएवढी आमची संस्था मोठी नाही.

धडा चौथा : वारा

पहाटेची कसारा लोकल, दरवाजा, तोंड बाहेर. आसनगाव ते कल्याण. बास.

धडा पाचवा : घरचे उपाय

इतकं करून तोंड चुणचुणायला लागलं की शेजारीण येते. लिंबू पिळून साय लावा. बेसन चोळा. टूथपेस्ट थापा, गार वाटतं. सर्दीचा बाम नाकाच्या शेंड्याला लावा. ह्यातल्या प्रत्येक गोष्टीत आग वाढवणारं काही ना काही असतं: लिंबात आम्ल, बामात कापूर आणि पुदिन्याचं सत्त्व, बेसनात निदान चोळणं तरी. लग्नसराईत हळदीच्या आदल्या दिवशी ब्लीच करून घेतलं तर फोटोत नवरीपेक्षा करवली उठून दिसते.

खोबरेल मात्र ह्या यादीत टाकवत नाही. बाटलीत ते गोठून पांढरं झालेलं असतं, उन्हात ठेवून वितळवावं लागतं, आणि उललेल्या हातापायांना त्याच्याइतका आधार दुसरा कुणी देत नाही. मोहाच्या बियांचं तेलही तसंच, थंडीत थिजतं, पण टाचांच्या भेगांना चांगलं. दोन्ही तेलं हातापायांपाशी थांबवावीत. पुळ्या येणाऱ्या गालांवर थापली तर पुळ्या वाढू शकतात.

धडा सहावा : ट्यूब

हा आमचा मुख्य विषय. आधीचे पाच धडे म्हणजे ह्याची तयारी होती, आणि खरं सांगायचं तर ते गाळूनही हा एकटा पुरतो.

बाजारपेठेतल्या मेडिकलवर जावं. डॉक्टरकडे जायचं नाही, हे पथ्य पाळावं. डॉक्टर विचारतो, तपासतो, वेळ खातो. काउंटरवर गर्दी असेल तर बरं. "दादा, तोंडाची लय आग होते, कायतरी द्या." दादा मान वर न करता मागच्या खणात हात घालतो आणि एक ट्यूब पुढे सरकवतो. "सकाळ-संध्याकाळ लावा." झाली तपासणी. खोक्यावर बारीक अक्षरांत तीन-चार नावं असतात: एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं, आणि एक बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल, म्हणजे स्टेरॉइड. कुठल्याही रोगावर कुठलं तरी एक लागू पडेल, अशा हिशेबानं बांधलेली ही मोट. गोरं व्हायची ट्यूब मागितली तर त्यातही बहुधा मोमेटासोन निघतं, तेही स्टेरॉइडच.

खोक्याच्या कडेला एक लाल उभी रेघ असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असा तिचा अर्थ. २०१८ साली केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकणं नियमाबाहेर गेलं. रेघेकडे बघू नका. बघितलंत तर शिक्षणात खंड पडेल.

आता गंमत बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा खरोखर सुधारतो. लाली जाते, आग थांबते, रंगही उजळतो, कारण स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं आणि सूज दाबतं. घरात कौतुक होतं. नणंद विचारते, कुठली ट्यूब? वाडीतल्या चार जणी तीच आणतात. चेहऱ्याची कातडी अंगाच्या इतर कातडीपेक्षा पातळ, तिच्यात औषध लवकर मुरतं. काही आठवड्यांनी, कुणाच्या बाबतीत काही महिन्यांनी, ती आणखी पातळ होते. खालच्या वाहिन्या दिसू लागतात. पुळ्या येतात, गालावर लव वाढते, उन्हात पाय टाकला की तोंड पेटतं. घाबरून ट्यूब बंद केली की काही दिवसांत चेहरा आधीपेक्षा लाल होतो. मग माणूस म्हणतो, बघा, ट्यूब होती म्हणून बरं होतं! आणि नवी आणतो. आमच्याकडून पदवी घेऊन कुणी बाहेर पडत नाही ते ह्यामुळेच.

ह्या चेहऱ्याला भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळं नाव दिलंय, स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या देशातल्या एका पाहणीत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरनं सुचवलेलं नव्हतं. दिसायला हा रोझेशियासारखाच असतो. म्हणजे मॉर्गनसाहेबाला जे नशिबानं मिळालं, ते आपल्याला बाजारहाट करताना मिळतं. नायट्यावर तीच ट्यूब लावणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. खाज थांबते, कडा पुसट होतात आणि बुरशी शांतपणे मांडीवरून कमरेपर्यंत पसरते.

ज्यांना नापास व्हायचंय त्यांच्यासाठी

काही विद्यार्थी अर्ध्यात वर्ग सोडून जातात. त्यांची वाट अगदीच कंटाळवाणी आहे. कोमट पाणी, तेही अंघोळ आटपेल इतकंच. तोंडाला साबण नको, लावायचाच तर सौम्य, फेस कमी करणारा. मऊ फडक्यानं टिपायचं, चोळायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावायचं. गालावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हातही चालतो. नवीन काहीही आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून बघायचं. पहाटे निघताना तोंडावरून सुती ओढणी किंवा उपरणं, लोकर टोचते. दुपारी टोपी किंवा पदर. जमलं तर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. शेकोटीला पाठ करून बसायचं. चहा थोडा निवू द्यायचा, कारण चाळवणारी गोष्ट चहापेक्षा त्याचा कढतपणा असते. म्हशाच्या जत्रेला पौष पौर्णिमेला सगळे जातात, तुम्हीही जा. बैलबाजारातली धूळ, झणझणीत रस्सा आणि वर एक घोट, हे तिन्ही एकाच दिवशी केलं तर दुसऱ्या दिवशी चेहरा हिशेब मागेल. रस्सा सगळ्यांनाच बाधतो असं नाही; कुणाला काय चाळवतं ते ज्याचं त्यानं लक्ष ठेवून ओळखायचं.

ट्यूब बरेच दिवस लावत असाल तर मनानं एकदम तोडू नका. त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. तो हळूहळू कमी करत आणतो आणि त्या काळातली आग सोसायला दुसरं काही देतो. खऱ्या रोझेशियावर मेट्रोनिडाझोल, अझेलिक आम्ल, आयव्हरमेक्टिन अशी लावायची औषधं आहेत, कधी पोटातूनही गोळ्या देतात. आठवडे लागतात. ट्यूबसारखा चौथ्या दिवशी चमत्कार होत नाही.

डोळे लाल होऊन वाळू गेल्यासारखे खुपत असतील तर तेही डॉक्टरला सांगा; हा आजार डोळ्यांतही उतरतो. आणि चेहऱ्यावर किंवा अंगावर लालसर किंवा फिकट चट्टा असेल, तिथे घामाचा, स्पर्शाचा पत्ता नसेल, चिमटा काढला तरी कळत नसेल, तर हे सगळं बाजूला ठेवून सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. तिथे स्टेरॉइड चोळत बसण्यात जे महिने जातात, ते नसांना महागात पडतात.

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. तिथे त्वचेचे डॉक्टर कुठल्या वारी असतात ते आधी विचारून घ्या, नाहीतर कल्याण-ठाणे गाठावं लागेल. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून न्या. संपलेल्यासुद्धा, चेपून फेकायच्या आधी. "पांढरी होती, झाकण निळं होतं" एवढ्यावरून आतलं औषध ओळखणारा डॉक्टर अजून ह्या दोन तालुक्यांत आलेला नाही.