कँडी नक्की कुणाची?

"काय हो वहिनी, भाची आलीय वाटतं पुण्याहून? सकाळपासून जपानी गाणी ऐकू येतायत."

"आलीय ना! जपानी शिकतेय. आणि काकू, तिनं अशी भानगड सांगितलीय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन नाही. 'कँडी कँडी' नावाची मांगा, म्हणजे त्यांच्याकडची चित्रकथा हो. १९७५ ते १९७९ पर्यंत मुलींच्या 'नाकायोशी' मासिकात यायची. दोघी बायकांचं काम. क्योको मिझुकी गोष्ट लिहायची, युमिको इगाराशी चित्रं काढायची."

"गोष्ट कसली?"

"अनाथ पोरीची. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराजवळच्या आश्रमात वाढलेली. मग श्रीमंताच्या घरी गेली, तर तिथली भावंडं छळ छळ छळतात."

"म्हणजे आपल्या संध्याकाळच्या मालिकाच की!"

"त्यांच्याही वरताण. जीव लावणारा अँथनी घोड्यावरून पडून जातो. मग टेरी, तो नाटकातला नट. तालमीत वरून दिवा कोसळतो, तेव्हा सुझाना नावाची नटी त्याला ढकलून वाचवते आणि स्वतःचा पाय गमावून बसते. आता तिला टाकून कँडीकडे यायचं कुठल्या तोंडानं? बाहेर बर्फ पडतंय, दवाखान्याच्या जिन्यात टेरी कँडीला मागून घट्ट धरतो, आणि ती जाते निघून. ते पान दाखवताना भाचीचा आवाजच बसला."

"अगं बाई! बरं, भानगड?"

"सांगते. १९७७ साली कोदान्शा प्रकाशनाचा पुरस्कार मिळाला. तोएईनं ११५ भागांची कार्टून मालिका काढली, ती पार इटली-फ्रान्सपर्यंत पोचली. कोदान्शा हक्क सांभाळत होतं तोवर सगळं गोडीगुलाबीत. १९९५ ला दोघींनी ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं नि आपसात करार केला. पण पुढे फोटोचे स्टिकर काढून देणाऱ्या मशिनवर कँडी झळकली, तिच्या चित्रांच्या प्रती विकायला निघाल्या, आणि मिझुकीला पत्ताच नाही!"

"चित्रं इगाराशीची, हात तिचा. विकली तर बिघडलं कुठे?"

"तिचंही हेच म्हणणं. मिझुकी गेली कोर्टात. तिथं उघड झालं, दर भागाला ही बाई ४०० अक्षरांच्या कागदावर तीस ते पन्नास पानं कथाच लिहून द्यायची. नुसती कल्पना सुचवून मोकळी नव्हती होत. इगाराशी त्यावरूनच पानं रचायची."

"हो का? मग बरोबरीची भागीदार झाली की!"

"तेच म्हटलं कोर्टानं. जिल्हा, उच्च, आणि २५ ऑक्टोबर २००१ ला सर्वोच्च न्यायालय, तिन्हीकडे इगाराशी हरली. मुखपृष्ठावर नुसती कँडी असली, तरी ती गोष्टीतूनच आलेली. लेखिकेच्या परवानगीशिवाय छापायची नाही."

"मला नाही बाई पूर्ण पटत. ते सोनेरी कुरळे केस, त्या दोन वेण्यांसारख्या झुबक्यांना बांधलेल्या फिती, कागदावर कुणी आणल्या? लिहिणारीनं?"

"मग दुसरीला न विचारता बाजारात कुणी आणल्या, सांगा! मला तर इगाराशीचंच चुकलं वाटतं. दोघींची सही आहे ना करारावर? एक फोन करायला काय झालं होतं?"

"फोन केला असता तर समोरचीनं नाही म्हटलं असतं, म्हणून नसेल केला."

"असेल. पण त्या अबोल्यात पुस्तकाची छपाई थांबली, कार्टून टीव्हीवरून गेलं. दोघींची संमती लागते, आणि दोघींचं एकमत होत नाही. आता जुन्या पुस्तकांच्या दुकानात हुडकत बसतात लोक."

"म्हणजे जिंकून मिझुकीच्या हाती काय लागलं?"

"शब्द. २०१० साली तिनं केइको नागिता या आपल्या खऱ्या नावानं तीच गोष्ट दोन भागांची कादंबरी म्हणून पुन्हा लिहिली. आत चित्र एकही नाही."

"चित्राशिवाय कँडी? ती मात्र मी वाचणार नाही. भाचीकडची जुनी प्रत असेल तर द्या दोन दिवस, वाचता नाही आली तरी बघेन."