क्रेटाच्या किमतीत

“अहो, क्रेटाच्या किमतीत!”

एवढं ज्याच्या तोंडून ऐकू आलं, त्याने पाच-सात वर्षं वापरलेली जर्मन गाडी नुकतीच घेतलीय हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. किल्ली टेबलावर ठेवताना तिच्यावरचं चिन्ह वर येईल याची तो काळजी घेतो. क्रेटावाल्यांची त्याला मनापासून कीव येते. वर्षभराने हाच माणूस रिक्षातून उतरताना दिसला, तर ‘गाडी कुठे?’ असं विचारू नये. आपला अर्धा तास जातो.

आमच्या निगडीच्या सोसायटीत या जमातीचे प्रतिनिधी म्हणजे जर्मनकाका. त्यांचं खरं आडनाव आता फक्त दारावरच्या पाटीवर उरलंय. गाडीचं नाव मी सांगणार नाही. चार कड्या, तीन टोकांचा तारा किंवा निळी-पांढरी तबकडी यांपैकी काहीतरी एक तिच्या नाकावर आहे. तुमच्या शेजाऱ्याकडे जे असेल ते समजून पुढे वाचा.

“अठरा लाखांना घेतली. नवी होती तेव्हा पंचावन्नची. म्हणजे सदतीस लाख वाचले!” हा काकांचा मूळ हिशोब. जे सदतीस लाख त्यांनी जन्मात कधी पाहिले नव्हते, ते त्यांनी एका सहीत वाचवले. तेव्हापासून ते त्या वाचलेल्या पैशांतून खर्च करताहेत.

गाडी दिल्लीची. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना तिथे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये मनाई केली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. त्यामुळे डिझेल गाडी सात-आठ वर्षांची झाली की दिल्लीकराला ती काढायची घाई व्हायची. ही घाई काकांनी बरोबर हेरली. गाडी ट्रेलरवरून आली. मागोमाग एनओसी आली, मग आरटीओतला एजंट आला आणि त्याच्या मागून महाराष्ट्राचा रोड टॅक्स आला. पहिल्या मालकाने टॅक्स भरला होता, पण तो दिल्ली सरकारला. ‘एमएच 14’ची पाटी लागेपर्यंत काकांची क्रेटा वरच्या मॉडेलपर्यंत जाऊन पोचली होती.

पाटी लागली त्याच संध्याकाळी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला.

“काही नाही हो,” काका म्हणाले, “सेन्सर आहे.”

या शब्दाने पुढे सोसायटीत जे थैमान घातलं, त्याची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती. डांगे चौकात भर गर्दीत गाडी बंद पडली आणि टोचनवाल्याच्या गाडीवर चढून घरी आली, तेव्हा पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले काका खिडकीतून हात हलवत होते. “सेन्सर! गाडीला काहीही झालेलं नाही. झालंय असं तिला वाटतंय.” एका सकाळी वॉचमन धापा टाकत वर आला. “काका, तुमची गाडी खाली बसली!” ती गाडी हवेच्या फुग्यांवर उभी राहते आणि त्यातल्या मागच्या एका फुग्याने रात्रीतून हवा सोडली होती. काकांनी गॅलरीतून वाकून पाहिलं. “बसली नाही रे, सेन्सरने बसवलीय.” एकदा त्यांनी पुढच्या सीटवर कलिंगड ठेवलं, तर गाडी किंचाळायला लागली. सीटवर कोणीतरी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, अशी तिची तक्रार होती. काकांनी निमूटपणे कलिंगडाला पट्टा बांधला. “बघा, किती काळजी घेते! तुमची वॅगनआर तुम्हाला तरी विचारते का?”

हळूहळू सेन्सर गाडीतून बाहेर पडून सोसायटीभर फिरू लागला. लिफ्ट अडकली, सेन्सर. टाकी वाहिली, सेन्सर. सेक्रेटरींनी मेंटेनन्सच्या थकबाकीची नोटीस लावली, “त्यांचा सेन्सर गेलाय.” माझी साखर जरा वाढलेली निघाली म्हणून मी चेहरा पाडून बसलो होतो, तर काकांनी रिपोर्ट हातात घेतला, चष्मा वर केला आणि शांतपणे परत दिला. “शुगर नाही हो ही.”

या सगळ्याच्या मुळाशी असलेलं गणित खरं तर एका ओळीचं आहे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. तुम्ही अठरा लाख दिलेत हे तिच्या ब्रेक पॅडला माहीत नसतं. त्याच्या लेखी ती अजून पंचावन्न लाखांचीच गाडी असते. पॅड झिजले की दिवा पेटवणारी एक वायर असते. ती पॅडबरोबरच झिजते आणि तिचे पैसे वेगळे पडतात. (तो मात्र खरोखरच सेन्सर असतो. काकांचा तो दिवस फार आनंदात गेला.) एका टायरच्या पैशांत माझ्या वॅगनआरचे चारही येतात आणि वर अलाइनमेंट होते. बॅटरी नवी बसवली की गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची रीतसर नोंद करावी लागते. नाहीतर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते. सातबारावर वारसाचं नाव चढवायलाही आपल्याकडे कोणी इतकी तत्परता दाखवत नाही.

शिवाय ही गाडी नुसत्या डिझेलवर भागवत नाही. धूर स्वच्छ करायला तिला ॲडब्लू लागतं. म्हणजे साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. टाकी रिकामी झाली आणि ते भरलं नाही, तर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा चालू व्हायला नकार देते. काकांनी हे मोठ्या अभिमानाने कराडला भावाला फोनवर सांगितलं. पलीकडे युरियासाठी सोसायटीच्या रांगेत दोन दिवस काढलेला शेतकरी. “दादा,” तो म्हणाला, “एकरी किती टाकतोस?”

पहिल्या वर्षी काका अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात. तिथे काचेपलीकडे गाडी दिसते आणि काचेअलीकडे कॉफी मिळते. कोट घातलेला मुलगा टॅबलेट घेऊन येतो, दर वाक्याला ‘सर’ म्हणतो आणि एस्टिमेट दाखवतो. पहिली कॉफी काकांना सत्तेचाळीस हजारांना पडली. त्याच मुलाने सांगितलं की गिअरबॉक्सचं तेल बदलायची गरज नाही, ते लाइफटाइम आहे. “कोणाच्या?” काकांनी विचारलं. मुलगा गोड हसला. काका हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी शोधून काढलं की आठ गिअरचे असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला तेल बदला म्हणते. गाडी विकणारा म्हणतो जन्मभर, गिअरबॉक्स बनवणारा म्हणतो लाखभर. म्हणजे गाडी विकणाऱ्यांच्या मते गाडीचा जन्म पहिल्या मालकाबरोबरच संपतो. दुसरा मालक त्यांच्या हिशोबात धरलेलाच नाही.

त्यानंतर काका भोसरीच्या एका मिस्त्रीकडे जाऊ लागले. या मिस्त्रीच्या हातात पान्याच्या आधी लॅपटॉप येतो. तो गाडीला वायर जोडतो, ‘एरर आलाय’ म्हणतो, एरर पुसतो आणि पैसे घेतो. पुढच्या आठवड्यात एरर परत येतो. सुट्या भागांसाठी काका कधी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, तर कधी ओळखीने दिल्लीच्या काश्मिरी गेटपर्यंत पोचले. गाडीच्या चिन्हाच्या खोक्यात येणारा भाग मूळ बनवणाऱ्या कंपनीच्या साध्या खोक्यात बऱ्याच कमी पैशांत मिळतो, हा शोध लागला त्या दिवशी त्यांनी जिन्यात पेढे वाटले. पेढ्यांचं बिल फाइलला लावलं.

ही फाइल बघण्यासारखी आहे. प्रत्येक बिलाला अनुक्रमांक. तारीख, किलोमीटर, दोष, उपाय, शेरा, असे आखलेले रकाने. शेऱ्याच्या रकान्यात ओळीने ‘सेन्सर’, ‘सेन्सर’, ‘वरीलप्रमाणे’. रकमा पैशांपर्यंत लिहिलेल्या. एकच गोष्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सापडत नाही, ती म्हणजे बेरीज. मी एकदा विचारलं, तर काका गंभीर झाले. “ज्या दिवशी बेरीज कराल, त्या दिवशी गाडी विकावी लागेल.”

मला वाटतं, हे सूत्र एकट्या काकांचं नाही. 2010 च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या मंडळींनी दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या, तेव्हा देशभर बातमी झाली. त्या गाड्या विकत घेणाऱ्यांचे फोटो छापून आले. पुढे जेव्हा केव्हा त्या विकल्या गेल्या असतील, तेव्हा दुसऱ्या मालकाचा फोटो कोणी काढायला गेलं नसणार, आणि तिसऱ्याचा तर नाहीच. गाडीची पहिली वर्षं श्रीमंताची असतात, तेव्हा ती वॉरंटीत असते आणि बिघडत नाही. नंतरची वर्षं मध्यमवर्गाची. श्रीमंतांच्या गाड्यांचं म्हातारपण असं आपण काढतो, आणि ‘सदतीस लाख वाचले’ म्हणतो.

हे सगळं मी एका रविवारी त्याच गाडीत बसून मनात म्हणत होतो. या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. गावातल्या गावात गाडी रखडत चालली की तो तुंबतो. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळवली की तो तापतो आणि काजळी जळून जाते. म्हणून काका दर रविवारी गाडीला हवापालटाला काढतात. किवळ्याला एक्स्प्रेस वेला लागेपर्यंत त्यांनी प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका घेतला, एकेक चाक चढवत. माझ्या पोटातला चहा मला दोनदा भेटला. मग रस्ता मोकळा झाला, काकांनी पाय जरासा दाबला आणि मला कबूल करावं लागेल की मी मनातल्या मनातही बोलायचा थांबलो. आवाज नाही, थरथर नाही. लोणावळ्यापर्यंत डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता.

तिथे टपरीवर वडापाव खाताना काका स्वतःहून बोलले. आयुष्यभर ते भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात क्वालिटीत होते. तिथून एक स्टीलची बुश जर्मनीला जायची, करंगळीच्या पेराएवढी. दोन मायक्रॉन जास्त भरली की अख्खा लॉट रिजेक्ट होऊन यायचा, सोबत रंगीत ग्राफ काढलेलं पत्र. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मुंढव्याच्या भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट परदेशात जातात ते पेपरात येतं. भोसरीच्या पत्र्याच्या शेडमधली बुश पेपरात येत नाही. ती नेमक्या कुठल्या गाडीत बसते, हे काकांना कोणी कधी सांगितलं नाही.

“हिच्यात असेल?” मी विचारलं.

“असेलही. नसेलही.” त्यांनी वड्यातली मिरची बाजूला काढली. “तीस वर्षं त्यांनी माझा माल परत पाठवला. त्यांचा मी ठेवून घेतला.”

त्यानंतर मी सेन्सरवर विनोद करणं थांबवलं. निदान काकांच्या समोर.

तरीही दिवाळीनंतर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचं एस्टिमेट आलं आणि काका खचले. गाडी काढायची ठरली. वाकडहून एक आयटीतला मुलगा बघायला आला. गाडीभोवती फिरताना त्याचे डोळे असे काही चमकत होते की किंमत ठरल्यातच जमा होती. काकू चहा घेऊन आल्या, आणि ट्रेमध्ये बिस्किटांच्या शेजारी ती फाइल होती.

मुलाने पहिलं पान उघडलं. मग दुसरं. मग खिशातून मोबाइल काढला आणि तीन वर्षांत कोणी केलं नव्हतं ते केलं. सहा लाख चौऱ्याऐंशी हजार, डिझेल आणि इन्शुरन्स सोडून. काकांनी मोबाइल हातात घेऊन आकडे तपासले. “अलाइनमेंट दोनदा धरलंत. आणि ॲडब्लू राहिलं.” मुलाने हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं आणि घरी विचारून सांगतो म्हणाला.

जिन्यात काकू भेटल्या. फाइल चुकून आली का, असं मी विचारलं.

“बँकेत कॅशियर होते मी,” काकू म्हणाल्या. “बेरीज पहिल्या वर्षीच झाली माझी. पण चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला रविवारी बाहेर नेलं ते लग्नांना, बारशांना नि दहाव्यांना. आता दर रविवारी लोणावळा दाखवतात. का, तर फिल्टर जळला पाहिजे! पेट्रोलची गाडी असती, तर मी अजून घरीच डाळ भिजवत बसले असते.”

त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या आणि थांबल्या. “आणि हे बघा, त्या वाकडच्या पोराला शेजारी म्हणून तुमचा नंबर दिलाय मी. केलाच त्याने फोन, तर गिअरबॉक्सचं नीट सांगा. फाइलला ते एस्टिमेट लावायचं राहिलंय.”