आभारप्रदर्शन

आमच्या भांडुपात मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, शेवटी माईक शेठच्या हातात जातो. सत्यनारायण असो, दहावीच्या मुलांचा सत्कार असो, रक्तदान शिबिर असो. आभार शेठनीच मानायचे, हा अलिखित ठराव आहे. आणि शेठ आभार मानतात ते पोट भरून मानतात. अध्यक्षांचे मानतात, नगरसेवकांचे मानतात, आलेल्यांचे मानतात आणि येऊ न शकलेल्यांचे जरा जास्तच मानतात. मग मंडपवाला, माईकवाला, वेफर्सचे पुडे वेळेवर आणणारा पोरगा, दिवे न घालवल्याबद्दल वीज कंपनी. एका माघी गणपतीत त्यांनी न पडल्याबद्दल पावसाचेही आभार मानले. माघात पाऊस तसाही पडत नाही, हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या.

शेठ हे काही शेअरबाजारातले शेठ नव्हेत. टेंभीपाड्याच्या चढावर पत्र्याची शेड आणि शेडमध्ये दोन नुकऱ्या घोड्या, एवढं त्यांचं साम्राज्य. नुकरी म्हणजे पांढरेशुभ्र केस आणि खाली गुलाबी कातडी. लग्नाच्या वरातीला हीच लागते. नवरदेव कितीही सावळा असो, घोडी गोरीच हवी, याबद्दल दोन्ही पक्षांत एकमत असतं. थोरली चांदणी शेठनी सारंगखेड्याच्या बाजारातून आणली. तिथे दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांची यात्रा भरते. ही खरेदी शेठ अशा थाटात सांगतात, की त्यांनी घोडी विकत आणली की अटकेपार जाऊन जिंकून आणली, असा ऐकणाऱ्याला संभ्रम पडावा.

दोन घोड्यांचे मिळून पाय आठ. शेठचा अख्खा धंदा या आठ पायांवर उभा, आणि हे आठही पाय एका माणसाच्या हातात. तो माणूस म्हणजे नालबंद चाचा. शेठनी त्यांचे आभार मानल्याची नोंद मंडळाच्या आजवरच्या इतिवृत्तात नाही.

चाचा मुंब्र्याहून लोकलने येतात. खांद्याला रेक्झिनची पिशवी. पिशवीत हातोडी, सांडस, हातभर लांब कानस, खूर तासायची सुरी आणि बामच्या रिकाम्या बरणीत खिळे. स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसले की शेजारचा प्रवासी पिशवी टोचते म्हणून तक्रार करतो आणि चाचा ती मांडीवर घेतात. त्यांचे वडील दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियांच्या घोड्यांना नाल ठोकायचे. चाचाही तिथेच शिकले. २०१५ साली हायकोर्टाने हौसेच्या फेऱ्यांच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, वर्षभरात बंद करा म्हणून सांगितलं, आणि चाचांची गिऱ्हाइकं वरातींपुरती उरली. २०२१ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या, तेव्हा चाचा मुद्दाम बघायला गेले होते. सवयीनं खाली वाकून पाहिलं. "इथं पंक्चरवाल्याचं काम आहे," म्हणाले आणि परतीची गाडी पकडली.

खरं म्हणजे घोड्याचे दिवस फिरायला सुरुवात झाली ती आमच्याच गावात. मुंबईहून ठाणे-कल्याणकडे रेल्वे न्यावी ही कल्पना जॉर्ज क्लार्क नावाच्या सरकारी इंजिनिअरला १८४३ साली भांडुपमुक्कामी सुचली, असं इतिहास सांगतो. पुढे १८५३ साली गाडी धावलीदेखील. तरी घोडा लगेच हटला नाही. १८७४ ते १९०५ मुंबईत घोड्यांची ट्राम होती, आणि ऊन लागू नये म्हणून त्या घोड्यांना सोलाहॅट घालत. मी हे शेठना सांगितलं, तर त्यांना ट्रामचं काहीच वाटलं नाही. "टोपीचे पैसे कोण देत होतं?" एवढंच त्यांनी विचारलं. चाचांनी मात्र विचारलं, "पायाचं कोण बघत होतं?"

पायाचं बघणं म्हणजे काय, हे मी शेडमध्ये उभं राहून पाहिलंय. घोड्याचा खूर म्हणजे आपलं नखच. महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटीमीटर वाढतो. म्हणून नाल झिजली नसली तरी पाच-सहा आठवड्यांनी काढायची, वाढलेला खूर तासायचा, कानशीनं समतल करायचा आणि नाल पुन्हा ठोकायची. एका नालेला सहा ते आठ खिळे. खुराच्या बाहेरच्या भिंतीला संवेदना नसते, पण जरा आत जिवंत मांस असतं. दोन्हींच्या मधली जागा एखाद्या कडबोळ्याच्या जाडीपेक्षाही कमी. खिळा तिरका जाऊन टोक बाहेरच निघालं पाहिजे. तिथे ते मुरगळून तोडायचं आणि बसवून टाकायचं. आत गेला तर घोडी लंगडी. चाचा हे डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त करतात. हातोडीचा आवाज बदलला की हात थांबतो. आणि हे सगळं साडेतीनशे किलोची घोडी अर्ध्या अंगाचा भार त्यांच्या पाठीवर टाकून उभी असताना. अडला हरी गाढवाचे पाय धरतो म्हणतात. चाचा रोज घोड्याचे पाय धरतात, तेही स्वतःचं काही अडलेलं नसताना.

या वेळी शेठ काय करत असतात? फोनवर असतात. घोडीचा पाय धरायला एक माणूस लागतो, नेमका तेव्हाच त्यांना बँडवाल्याचा फोन येतो. फोन संपला की ते येऊन सूचना देतात. "चाचा, मागचे दोनच करा. पुढचे अजून हंगाम काढतील." किंवा, "घोडी काय पुण्याला चालत जायचीय? एलबीएस रोडवरच्या हॉलपर्यंत तर न्यायची!" चार पायांचे पैसे ठरले तर तीन पायांचे हातावर ठेवतात आणि चौथ्याचे "पुढच्या खेपेला". शेठच्या घोड्या गेली काही वर्षं तीन पायांवर रोख आणि एका पायावर उधार चालतायत. चहा मागवतात तो कटिंग, आणि त्यातला अर्धा बशीत ओतून स्वतः पितात.

घासाघीस नव्या नालेची. जुन्या नालेचा भाव वेगळा. झिजलेली नाल निघाली की चाचांनी ती खाली टाकायच्या आत शेठ उचलतात. काळ्या घोड्याची नाल शनीच्या त्रासावर उतारा, असं मानणारे लोक भांडुपात कमी नाहीत. आता शेठच्या दोन्ही घोड्या पांढऱ्या. पण नालेला काही रंग नसतो. दाराला लावायला एक, अंगठीसाठी एक, असं करत जुनी नाल नव्यापेक्षा महाग जाते. एका दिवाळीला शेठना चाचांविषयी खरोखर काहीतरी वाटलं. त्यांनी लाल फडक्यात बांधून त्यांना एक भेट दिली. म्हणाले, "चाचा, दाराला लावा, बरकत येते." चाचांनी फडकं सोडलं. आतली नाल उलटी केली, सुलटी केली, भोकांवरून अंगठा फिरवला. मग शांतपणे म्हणाले, "शेठ, ही मागच्या डाव्या पायाची. मीच ठोकली होती."

शेठच्या मनावर परिणाम व्हावा म्हणून मी त्यांना परदेशचे दाखले दिले. लंडनमध्ये नालबंदांची संघटना १३५६ सालची आहे. १९७५ च्या कायद्यापासून तिकडे नोंदणी नसलेल्या माणसाला घोड्याला नाल ठोकता येत नाही, मालकाला आपल्या घोड्यालाही नाही. अमेरिकेत तर जुलै महिन्यात नालबंदांच्या कौतुकाचा आख्खा आठवडा पाळतात. शेठनी लक्ष देऊन ऐकलं. "जुलैत?" ते म्हणाले. "बरोबर आहे. चातुर्मासात लग्नं नसतात. तेव्हा आठवडा परवडतो."

मग मी दुसऱ्या बाजूनं चौकशी केली. चाचांनाच विचारलं, की मालकानं तुमची कदर करायची तर कशी करावी? मला वाटलं मजुरी म्हणतील, नाहीतर दिवाळीचा बोनस म्हणतील. चाचांनी बोटं मोजली. "जमीन कोरडी असावी. घोडीचे पाय धुतलेले असावेत. पाय धरायला एक पोरगा असावा. आणि मला कालनिर्णय बघून बोलवावं, घोडी अडल्यावर नको."

कालनिर्णय शेठच्या शेडमध्ये आहे. खिळ्याला टांगलेलं. त्यावर मुहूर्त लाल शाईनं, हरभऱ्याचा हिशेब निळ्या शाईनं, बँडवाल्याची उधारी पेन्सिलीनं. नालबंदाची तारीख कुठल्याच शाईत नाही. ती तारीख घोडीनं ठरवायची असते.

चांदणीनं ती एका अक्षय तृतीयेला ठरवली. संध्याकाळची वेळ, लग्नांची गर्दी, वरात रंगात. गाढव नाक्याजवळ मागच्या डाव्या पायाची नाल अर्धी सुटून काँक्रीटवर खडखडायला लागली. तीन पावलं टाकून चांदणी उभी राहिली. बँडवाल्यांना वाटलं नाचायला जागा दिली, त्यांनी आणखी जोर लावला. वऱ्हाडी नाचून दमले, घोडी हलेना. जिथे गाढवाच्या नावाने नाका आहे, तिथेच घोडीनं अडावं, यावर पोरांनी विनोद केले. शेठनी लगाम ओढला, गूळ दाखवला, शेवटी कानात काहीतरी बोलले. बहुतेक आगाऊ आभार मानले असावेत. मग त्यांनी चाचांना फोन लावला.

नवरदेवाला खाली उतरवून पानवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. वरातीमागून घोडे हे आम्ही ऐकून होतो. वरातीमागून नालबंद त्या दिवशी पाहिला. तासाभरानं चाचा रिक्षातून उतरले, पिशवी टेकवली, कुणाकडे न बघता खाली बसले आणि चांदणीचा पाय उचलून मांडीवर घेतला.

नवरीकडच्या एक आजी पुढे उभ्या होत्या. दिसतंय कमी, श्रद्धा भरपूर. एक पिकल्या दाढीचा माणूस खाली बसून घोडीचे पाय धरतोय, म्हणजे मुलाकडचा काहीतरी विधी असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी कमरेची चंची सोडून चाचांच्या हातावर एक्कावन्न रुपये ठेवले. आजीनं ठेवले म्हणताना मावशीनं ठेवले. मावशीनं ठेवले म्हणताना मुलाकडच्यांनाही मागं राहता येईना. कुणीतरी नारळ आणला. कुणीतरी अक्षता टाकल्या, त्या अर्ध्या चाचांच्या टोपीवर पडल्या. फोटोवाला ओरडला, "चाचा, हातोडी जरा वर धरा!" एका काकांनी मला हळूच विचारलं, "याला काय म्हणतात हो?" मी म्हणालो, "नालपूजन." ते म्हणाले, "हो हो, आमच्याकडे पण होतं पूर्वी." दहा मिनिटांत सातवा खिळा बसला, चांदणीनं पाय टेकून पाहिला आणि वरात चालू लागली.

हॉलवर पोचल्यावर माईक अर्थातच शेठच्या हातात आला. त्यांनी दोन्ही व्याह्यांचे आभार मानले, बँडचे मानले, ट्रॅफिक हवालदाराचे मानले, खुर्ची दिल्याबद्दल पानवाल्याचे मानले, खुर्चीवर बसल्याबद्दल नवरदेवाचे मानले. मग ते थांबले. समोर, चपलांच्या ढिगाशेजारी चाचा नारळ मांडीवर घेऊन बसले होते. शेठनी तोंड उघडलं, मिटलं, आणि जेवून जायची विनंती करून माईक खाली ठेवला. माणसाला आयुष्यभर ज्याचे आभार मानायचे राहून गेले, त्याचे एकदम कसे मानायचे, हे आभारप्रदर्शन करणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पुढच्या महिन्यात सहज शेडवर गेलो. कालनिर्णयावर एका तारखेला हिरव्या शाईनं इंग्रजी यू काढला होता. नीट बघितल्यावर कळलं, ती नाल होती. त्या तारखेला ना मुहूर्त, ना घोडी अडलेली. चाचा आले. जमीन कोरडी होती. घोडीचे पाय धुतलेले होते. पाय धरायला शेठ स्वतः बसले, फोन खिशात बंद. काम संपल्यावर चारही पायांचे पैसे रोख दिले आणि पोऱ्याला सांगितलं, "चाचांना चहा आण. फुल."

चाचांनी पैसे मोजले, पुन्हा मोजले. समोर आलेल्या भरल्या ग्लासाकडे बघत राहिले. मग काळजीनं विचारलं, "शेठ, खरं सांगा. दुसरा नालबंद मिळाला का तुम्हाला?"